तराफ्यापासून आगबोटीपर्यंत

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार असे ठरले तेव्हा कार्यकर्त्यांनी आम्हाला विहाराचा इतिहास लिहा म्हणून सांगितले. पण तो इतिहास आमच्यापेक्षा जुनी माणसे चांगला सांगतील. आम्ही लिहितो आहोत बोटींवर. हे काय भलतंच, असं काहींना वाटेल. झालं असं की, रविवारच्या संस्कार वर्गात एका पोराने विचारले, "काका, भगवान बुद्ध आपल्या देशातले, मग श्रीलंकेत आणि जपानात धम्म कसा गेला? मधे तर समुद्र आहे." आम्ही त्याला म्हटलं, बोटीनं गेला. त्यावर त्याचा लगेच दुसरा प्रश्न : "बोट कोणाची? चालवली कोणी?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हाला नीट देता आले नाही. मग वाचनालयात बसून जे वाचले, जे जुन्या माणसांकडून ऐकले, ते येथे मांडत आहोत.

माणसाने पहिली बोट केली ती बोट नव्हतीच, तराफा होता. वाहून आलेला ओंडका, त्यावर बसून हातापायांनी पाणी मारायचे. एक ओंडका गोल फिरतो म्हणून दोन-चार एकत्र बांधले. मज्झिम निकायात तथागतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. पलीकडे जायला नाव नाही, पूल नाही, तेव्हा माणूस गवत, काटक्या, फांद्या, पाने गोळा करतो, बांधतो आणि हातापायांनी पाणी कापत पैलतीराला जातो. पार झाल्यावर तो तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये, असे तथागत सांगतात. धम्मसुद्धा पार जाण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही, हा त्यातला अर्थ आपण प्रवचनात ऐकतोच. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्या काळच्या गरीब माणसाचा तराफा कसा असायचा, कशाचा बांधायचा, याची ही अगदी नेमकी नोंद आहे. राजाच्या नौकेचं वर्णन सगळेच करतात. काटक्यांच्या तराफ्याचं कोण करतो?

तराफ्यानंतर खोड कोरून केलेली डोणी आली. मग डोणीच्या काठाला फळ्या जोडून तिची उंची वाढवली आणि इथं खरी अडचण उभी राहिली : फळीला फळी जोडायची कशी? खिळे नव्हते. माणसाने दोर घेतला आणि फळ्या शिवल्या. इजिप्तमध्ये खुफू राजाच्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली जमिनीत पुरलेली एक नौका सापडली. ती साडेचार हजार वर्षांची आहे. लांबी सुमारे ४३ मीटर, लाकूड देवदाराचे, एकूण १,२२४ तुकडे, आणि सगळे दोरांनी आवळलेले. आपल्याकडे लोथल येथे १९५५ पासून उत्खनन झाले, तेव्हा सुमारे २१५ मीटर लांब व ३६ मीटर रुंद अशी पक्क्या विटांची बांधणी उघडी पडली. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी ती गोदी म्हटली, काही विद्वान पाण्याचा तलाव म्हणतात. वाद राहू द्या, पण मोहेंजोदडोच्या मुद्रेवर नाव कोरलेली आहे, म्हणजे नाव त्या लोकांच्या रोजच्या डोळ्यापुढची होती हे नक्की.

शिवलेली बोट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो वर्षे चालली. फळ्यांच्या कडेला भोके पाडायची, नारळाच्या काथ्याची दोरी त्यातून ओवून आवळायची, फटीत काथ्या कोंबायचा आणि वरून तेल-राळ लावायची. अशी बोट वाळूवर आपटली तरी फुटत नाही, थोडी वाकते. समुद्रात चुंबकाचे डोंगर आहेत, ते लोखंड ओढून घेतात म्हणून खिळे मारत नाहीत, अशी एक समजूत जुन्या पुस्तकांत आहे. आम्हाला हे पटत नाही. दोरी स्वस्त, नारळ दारात, आणि फळी बदलायची तर टाके उसवून बदलता येते. काम करणारा माणूस असाच विचार करतो.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येतो. भगवान बुद्धांच्या काळी आणि नंतर समुद्रावर जाणारे व्यापारी पुष्कळ होते. दीघ निकायातल्या केवट्ट सुत्तात त्यांची एक युक्ती आली आहे. जहाजावर किनारा शोधणारा पक्षी ठेवत. जमीन दिसेनाशी झाली की पक्षी सोडायचा. तो पूर्वेला जातो, दक्षिणेला जातो, उंच उडतो. जमीन दिसली तर तिकडे निघून जातो, नाही दिसली तर परत जहाजावर येतो. होकायंत्र नव्हते तेव्हा कावळा हेच होकायंत्र. बावेरु जातकात तर असाच कावळा आपल्या व्यापाऱ्यांनी बावेरूला, म्हणजे बाबिलोनला नेल्याची गोष्ट आहे.

सुप्पारक जातक प्रत्येकाने वाचावे असे आम्हाला वाटते. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तिथला सुप्पारक हा तांडेलांचा तांडेल, पण खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. हे वाचून आम्ही थबकलो. गिरणीत कापसाच्या धुळीने छाती जाते, तसे समुद्रावर खाऱ्या पाण्याने डोळे जातात! कामाने जडणारा आजार इतक्या जुन्या गोष्टीत लिहून ठेवला आहे. पुढे तो राजाकडे वस्तूंची पारख करायला राहिला, राजाने त्याला फक्त आठ नाणी दिली, तेव्हा त्याने ती नोकरी सोडली. मग सातशे व्यापाऱ्यांनी त्या आंधळ्या माणसालाच जहाज हाकायला नेले, आणि भयंकर समुद्रातून त्याने ते परत आणले. सातशेचा आकडा गोष्टीतला आहे, तो हिशेबाला धरू नये. पण डोळे गेले तरी अनुभव जात नाही, हे ज्यानं लिहिलं त्याला कष्टकऱ्याची किंमत कळत होती.

दुसरी कथा तर आपल्या अगदी जवळची, सोपाऱ्याची. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. दिव्यावदान ग्रंथात पूर्णाची कथा आहे. तिथल्या भव नावाच्या सावकाराच्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. थोरल्या भावांच्या घरात त्याला दासीपुत्र म्हणून हिणवले गेले, वाटणीच्या वेळी त्याची गणती मालमत्तेत झाली. हा मुलगा बुद्धीने इतका तल्लख की चंदनाच्या व्यापारात उभा राहिला आणि सहा वेळा समुद्रपार जाऊन आला. सातव्या खेपेला श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या जहाजावर होते. ते पहाटे आणि रात्री काहीतरी म्हणत. पूर्णाने विचारले, ही गाणी कसली? ते म्हणाले, गाणी नव्हेत, हे बुद्धवचन आहे. बुद्ध हा शब्द त्याने प्रथम ऐकला तो जहाजावर! पुढे तो भिक्खू झाला. नंतर त्याचा भाऊ चंदन आणायला गेला असता वादळात सापडला आणि वाचला, त्याच चंदनातून सोपाऱ्यात विहार उभारला, अशी कथा आहे. कथेत चमत्कार आहेत, ते बाजूला ठेवू. चमत्कार वगळले तरी एका दासीच्या मुलाला बंदरात आणि जहाजात वर येण्याची वाट होती, एवढे तरी त्या समाजाला माहीत होते.

ही कथा अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात भिंतीवर रंगवलेली आहे. त्या जहाजाला तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच उभी शिडे, मागच्या बाजूला रांगेने ठेवलेले पाण्याचे रांजण, सुकाणूसाठी लांब वल्ही, आणि नाळेवर रंगवलेला डोळा. अजिंठा समुद्रापासून शेकडो मैल आत. तरीही चितारणाऱ्याने रांजणसुद्धा विसरला नाही, कारण समुद्रात पाणी हेच मरण-जगणं. ह्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी गोव्यात एक शिवलेले जहाज बांधले गेले, केरळच्या कारागिरांनी काथ्याने शिवले, आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. त्याचे नाव कौंडिण्य. आपल्या लोकांनी घोटाळा करू नये : पंचवर्गीय भिक्खूंतले कौंडिण्य ते हे नव्हेत. समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेला अशी आख्यायिका असलेला हा दुसरा कौंडिण्य.

सोपारा हे केवळ कथेतले बंदर नव्हे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खोदला. गावचे लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी करंडक, त्यात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ लहान कांस्य मूर्ती निघाल्या. त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सम्राटाने शिळा बंदरात का लावली? कारण माणसे तिथे येत होती, नाना देशांची. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या पहिल्या शतकातील पुस्तकात सोपारा आणि कल्याण ही नावे आहेत. कल्याणच्या लोहाराने, सोनाराने कान्हेरीत दान दिल्याचे लेख आहेत. बंदर, लेणी आणि कारागीर हे सगळे एकाच साखळीचे दुवे होते.

ही जहाजे चालायची वाऱ्यावर. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. जाताना एक वारा, येताना दुसरा, मधे महिनोन् महिने परक्या बंदरात मुक्काम. युरोपातली पुस्तके हा वारा हिप्पलस नावाच्या ग्रीकाने शोधला म्हणतात. आमच्या कोळी बांधवांना विचारा, वारा कोणी शोधावा लागतो काय?

अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन ताम्रलिप्तीहून जहाजाने सिंहलद्वीपात गेली, असे महावंसात आहे. त्याच ताम्रलिप्तीहून पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान निघाला. तो ३९९ साली चीनमधून पायी निघाला होता, परतला समुद्रमार्गे. चौदा दिवस-रात्रींत लंका गाठली. तिथून निघाला ते जहाज दोनशेहून जास्त माणसांचे, मागे एक लहान होडी दोराने बांधलेली. वादळ झाले, जहाजाला भोक पडले. व्यापारी होडीत उड्या घालू लागले, तर होडीतल्यांनी गर्दीच्या भीतीने दोरच कापला. मग माल समुद्रात फेकायला सुरुवात झाली. फाहियानने आपला तांब्या आणि भांडे फेकले. त्याला भीती एकच : हे लोक आपली सूत्रांची पुस्तके फेकतील. त्याने अवलोकितेश्वराचे स्मरण केले. वादळ तेरा दिवस चालले. शेवटी एका बेटाला लागले, तिथे भोक सापडले आणि बुजवले. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात संकटातून सोडवणारा अवलोकितेश्वर कोरला आहे, त्यात बुडती नावही आहे. श्रद्धेने मनाला धीर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण भोक बुजवले ते खलाशांच्या हातांनी, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

पुढच्या जहाजावरचा प्रसंग तर आपल्याला फार ओळखीचा वाटेल. पुन्हा वादळ झाले, तेव्हा जहाजावरच्या ब्राह्मणांनी आपसात ठरवले की हा श्रमण जहाजावर आहे म्हणून संकट आले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या. संकट आलं की दोष कोणावर ढकलायचा हे कधीच ठरलेलं असतं! फाहियानच्या एका हितचिंतकाने मात्र ठणकावले : याला उतरवाल तर मलाही उतरवा, नाहीतर मारून टाका. नाहीतर मी चीनमध्ये जाऊन राजाला सांगेन. मग सगळे गप्प बसले. प्यायचे पाणी वाटून संपत आले, स्वयंपाक समुद्राच्या पाण्यात केला, आणि सत्तरहून अधिक दिवसांनी ४१२ साली चीनचा किनारा लागला. पुस्तके शाबूत पोचली.

त्याच शतकातला बंगालमधल्या रक्तमृत्तिकेचा महानाविक बुद्धगुप्त. त्याचा स्तूप कोरलेला शिलालेख मलाया देशात सापडला आहे. राजा नाही, भिक्खू नाही, एक नाविक आपले नाव दगडावर कोरून जातो. जावामधल्या बोरोबुदुरच्या भिंतींवर तर बाजूला आधाराचे लाकूड बांधलेली जहाजे कोरलेली आहेत. तसे जहाज बांधून २००३ साली इंडोनेशियाहून माणसे आफ्रिकेतल्या घानाकडे निघाली आणि २००४ मध्ये पोचली.

मग असा समुद्रावरचा देश किनाऱ्यालाच का अडकला? याला कारणे अनेक आहेत, व्यापार बदलला, राज्ये बदलली. पण एक कारण शास्त्रांत लिहिलेले आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पतनाचे कारण सांगितले. मनुस्मृतीत समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले. आणि नाव चालवून पोट भरणारा कैवर्त? त्याला मनूने संकरातून जन्मलेला ठरवून खाली ढकलले. म्हणजे जो जाईल तो बाटला आणि जो नेईल तो मुळातच हलका. ज्ञान एकाकडे, हात दुसऱ्याकडे, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले त्यात हेही होते.

इतर देश थांबले नाहीत. चीनमध्ये पहिल्या शतकातच जहाजाच्या मागे मधोमध सुकाणू आले, तशी मातीची प्रतिकृती कँटनला मिळाली आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे खलाशी चुंबकसुईवर दिशा बघत होते. कावळ्याची गरज संपली. चेंग हो याने १४०५ ते १४३३ या काळात सात मोठ्या सफरी केल्या, तो कालिकतलाही आला. त्याने श्रीलंकेत आणलेल्या शिलालेखात चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषा आहेत, आणि चिनी भागात बुद्धाला वाहिलेल्या दानाची यादी आहे. मग १४९८ साली वास्को द गामा आला. त्याच्या जहाजांवर तोफा होत्या. व्यापाराचा रंगच पालटला.

या युरोपीय जहाजांचा सर्वांत काळा अध्याय गुलामांचा. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली. वाटेतच अठरा लाखांच्या आसपास मेली. ब्रूक्स नावाच्या जहाजाचा नकाशा १७८८ साली छापला गेला, त्यात ४५४ माणसे फळ्यांवर एकमेकांना चिकटून झोपवलेली दाखवली आहेत. आणि ही कायद्याने ठरवलेली 'सुधारलेली' संख्या! त्याआधी त्याच जहाजाने सहाशेच्या वर माणसे नेली होती. जहाज बांधणे ही विद्या आहे, त्या विद्येचे काय केले ते या चित्रात दिसते. ते चित्र पाहून इंग्लंडमधली साधी माणसे हादरली आणि गुलामीविरुद्धच्या चळवळीला जोर आला.

मुंबईकडे येऊ. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून इथे जहाजे बांधायला आले. मलबारचा साग ओकपेक्षा टिकाऊ. १८१७ साली इथे बांधलेले त्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. कॉर्नवॉलिस हे १८१३ चे मुंबईचेच जहाज. १८४२ साली अफूच्या युद्धानंतर चीनवर लादलेला नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. साग आपला, सुतार आपले, आणि मानहानी चीनची.

वाफ आली आणि वाऱ्याची सत्ता संपली. हाच वाफेचा इंजिन गिरणीत आला आणि जहाजातही. मुंबईत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली, तेव्हा कोळशानेच इतकी भरली होती की माणसांना जागा उरली नव्हती. १८६९ ला सुएझ कालवा झाला. कापूस बाहेर जाऊ लागला, यंत्रे आत येऊ लागली. गिरण्या आणि गोद्या ही एकाच आईची दोन लेकरे. जहाजाच्या पोटात भट्टीशी कोळसा टाकणाऱ्याला आगवाला म्हणत, वर सारंग, तांडेल, खलाशी. त्यांत कोकणातली, सिल्हेटची, गोव्याची माणसे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. दोन्ही महायुद्धांत त्यांतले हजारो बुडाले, त्यांची नावे शाळेच्या पुस्तकात नाहीत.

अशाच आगबोटीने १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले. ज्यांना शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नव्हते, ते दोन महासागर पार करून जुलैत न्यूयॉर्कला उतरले. १९१७ ला ते परत आले, पण त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले. पुस्तके गेली. फाहियानची वाचली, बाबासाहेबांची बुडाली. ४ ऑक्टोबर १९३० रोजी ते व्हाइसरॉय ऑफ इंडिया या जहाजाने गोलमेज परिषदेला निघाले. ते जहाज नव्या तऱ्हेचे होते, वाफेच्या चक्रावर वीज निर्माण करून त्या विजेवर पंखे फिरवीत. १९४२ ला तेही पाणबुडीने बुडवले.

बाबासाहेबांचा आणि जलमार्गांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. जुलै १९४२ पासून ते सरकारात मजूरमंत्री होते. १९४५ साली त्यांच्या खात्याखाली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, तोच आजचा केंद्रीय जल आयोग. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत त्यांनी मांडले की ओरिसाच्या नद्यांचे पाणी नुसते पुराचे संकट समजू नका, अडवून त्यावर शेती, वीज आणि नौकानयन तिन्ही करा. हे आपल्यातही फार थोड्यांना माहीत आहे.

आणि १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या ८,७०० गाठी. कापूस आणि बारूद एका जहाजात! गिरणीतला कोणीही बिगारी सांगेल, गाठ आतून धुमसत राहते. दुपारी आग दिसली, चारच्या सुमारास स्फोट झाला. शेकडो कामगार गेले, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आमच्या चाळीतली म्हातारी माणसे सांगत, जयंतीचे निळे झेंडे लावलेले असतानाच काचा खळाखळा फुटल्या.

कोकणातून आपले बापजादे मुंबईत आले तेही बोटीनेच, डेकवर, गाठोड्याला टेकून. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसे गेली. त्यानंतर आमच्या आजीने बोटीत पाय ठेवला नाही.

१९५६ साली, धम्मदीक्षेच्या सहा महिने आधी, अमेरिकेत आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या ठेवून पाठवल्या. त्या पेटीने गोदी कामगाराची पाठ मोकळी केली आणि हातचे कामही काढून घेतले. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झाले, माझगावच्या गोद्या ओस पडत गेल्या. आमच्या गिरण्यांचं जे झालं तेच. २०२१ च्या मार्चमध्ये चारशे मीटर लांबीचे एक पेटी-जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार थांबला. अशी जहाजे म्हातारी झाली की गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आणून तोडतात. १९८३ पासून तिथे हे काम चालते. तोडणारे ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले मजूर.

त्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तरी आता आमच्यापाशी आहे. अशोकाच्या त्या शिळा मुंबईत फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, आता तिथे बोट येत नाही. नालासोपारा स्टेशनवरून रिक्षाने स्तूपाशी जाता येते. वर्षावास संपल्यावर वर्गातल्या मुलांना दोन्ही ठिकाणी न्यायचे ठरवले आहे, डबा ज्याचा त्याने आणायचा. नाव नोंदवणारा पहिला तो पोरगाच.